शिळावर्तुळाचं उत्खनन: परवानगी कोणाला मिळते, कागदपत्रं काय लागतात

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इकडे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. मोठमोठे दगड गोल मांडलेले, मधे मुरूम आणि गोट्यांची भर, आणि खाली अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं दफन. एकट्या जुनापाणीला तीनशेच्या आसपास आहेत. आपल्याच शेतात असं वर्तुळ असलं तर खोदून बघता येतं का, हा प्रश्न बरेच जण विचारतात, तर उत्तर सरळ आहे: स्वतःच्या हौसेने नाही, जमीन तुमची असली तरी नाही.

पुरातत्त्वीय उत्खननाची परवानगी दिल्लीहून येते, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडून. १९५८ चा प्राचीन स्मारकं कायदा आणि १९५९ चे नियम यात सगळं आहे. जागा केंद्राच्या संरक्षित यादीत नसली तरी राज्य सरकारलासुद्धा आधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे अर्ज येतात ते विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, डेक्कन कॉलेजसारखी संस्था किंवा राज्याचं पुरातत्त्व संचालनालय यांचे. अर्ज बघताना संस्था कोणती, उत्खनन संचालकाला अनुभव किती, हाताशी माणसं पुरेशी आहेत का हे तपासतात, आणि ते बरोबरच आहे.

संरक्षित क्षेत्रासाठी नमुना ४ मधे अर्ज, तोही काम सुरू करायच्या किमान तीन महिने आधी. जागेचा नकाशा आणि त्यावर खोदायची हद्द, गाव-तालुका-जिल्हा, उद्देश, कालावधी, अंदाजे खर्च, संचालकाची आणि टीमची माहिती हे सगळं द्यायचं. सोबत आधीच्या सर्व्हेचा रिपोर्ट आणि फोटो जोडा, आणि खाजगी शेत असेल तर सातबारा व मालकाची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा, नंतर पाच हिस्सेदार निघाले की काम अडकतं. दहा हजारांपर्यंत अनामत मागू शकतात. लायसन्स जास्तीत जास्त तीन वर्षांचं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि सुरुवातीच्या किमान पंधरा दिवस आधी महासंचालक, जिल्हाधिकारी आणि जमीनमालक यांना लेखी कळवावं लागतं.

एवढा काटेकोरपणा कशाला, तर दफन एकदाच खोदता येतं. मुरमाच्या भरीखाली खड्ड्याची कड नुसत्या मातीच्या रंगावरून ओळखायची असते, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाड, घोड्याच्या तोंडातला लगामाचा लोखंडी तुकडा हे नेमकं कुठे आणि कशाशेजारी होतं त्यावरूनच अर्थ लागतो. माहुरझरीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या टीमने केलेल्या कामात घोड्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले, ते जागच्या जागी नोंदले गेले म्हणूनच आज त्यावर बोलता येतं. जेसीबीने मुरूम उचलला की हे सगळं एका दुपारात जातं, आणि ते होतंय याचं मनापासून वाईट वाटतं.

शेतकऱ्याने काय करायचं? नांगरताना काही लागलं तर काम थांबवा, वस्तू धुऊ-पुसू नका, मोबाईलवर लोकेशनसकट फोटो घ्या आणि तलाठी किंवा तहसीलदाराला लेखी कळवा, पोच घ्या. जमिनीत मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित वर्तुळ फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रत्यक्ष उत्खननात काम करायची इच्छा असेल तर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज इथे चौकशी करा, आणि ती पावसाळ्यातच करा, कारण खोदकाम साधारण पाऊस संपल्यावर सुरू होतं आणि टीम त्याआधीच ठरलेली असते.