पार्श्वभूमी : पट्टी येण्याआधी पेटीत काय घडतं

एप्रिल-मेमध्ये देवगड-रत्नागिरीचा बागायतदार आभाळाकडे बघत असतो आणि पट्टीची वाट बघत असतो. पट्टी म्हणजे वाशीच्या आडत्याकडून येणारा हिशेबाचा कागद. भाव, हमाली, वाहतूक आणि मध्येच एक ओळ : डागी माल वजा. बागेत पेटी भरली तेव्हा फळ निर्मळ होतं, वाशीत उघडली तेव्हा डागी निघालं. मधली रात्र कोणी पाहिली? कोणीच नाही. कंटेनरमध्ये बसून मालाचं तापमान कळवणाऱ्या ‘स्मार्ट’ यंत्रांची गोष्ट बहुतेक लोक संगणकापासून सुरू करतात. कोकणापुरती तरी ती पट्टीतल्या या ओळीपासून सुरू करावी.

आगबोटींच्या काळात विजयदुर्ग, देवगड, रत्नागिरीचा आंबा समुद्रमार्गे मुंबईला जायचा. करंडीत पेंढा आणि पेंढ्यात फळ, म्हणजे घरातली आढीच प्रवासाला निघायची. माल वाटेत पिकणार हे धरूनच काढणी व्हायची. ‘चौदा आणे’ (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार फळ काढायचं हा हिशेब त्यातलाच : पोचेपर्यंत उरलेले दोन आणे वाटेत भरून निघावेत. बोट रखडली तर धक्क्यावर आधी वास यायचा, मग करंडी उघडायची. नाक हेच तेव्हाचं तापमापक होतं.

पुढे लॉऱ्या आल्या आणि घाटातले हादरे आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचं लोकार्पण झालं आणि १९९९ पासून भरलेले ट्रकच रेल्वेच्या डब्यावर चढवून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. रस्ता वाचला, पण पेटी बंद ती बंदच. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार देशात आंब्याचं काढणीनंतरचं नुकसान सुमारे ९ टक्के होतं आणि समुद्री मासळीचं सुमारे साडेदहा टक्के. कोकणची दोन्ही पिकं या यादीत आली, एक झाडावरचं आणि एक दर्यातलं.

थंडाव्याचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ जहाजाने मुंबईत उतरू लागला. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ जहाजाने न्यूझीलंडचं गोठवलेलं मांस लंडनला पोचवलं. १९४० च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक जोन्स यांनी ट्रकवर बसणारं शीतयंत्र आणलं, १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांचे कंटेनर समुद्रावर निघाले. माल थंड ठेवता येऊ लागला, पण तो खरोखर थंड राहिला का, हे सांगणारी सोय मागेच राहिली. बराच काळ ती एक घड्याळी डबी होती. आत कागदाची पट्टी सरकायची, सुई तिच्यावर रेघ ओढायची आणि माल उतरवल्यावर ती रेघ बघायची. (पट्टी हा शब्द इथेही आला, हा निव्वळ योगायोग.) मग बॅटरीवर चालणारे, आपोआप नोंद ठेवणारे लॉगर आले, आकडे नेमके झाले, तरी कळायचं ते सगळं आटोपल्यावरच. पंचनाम्यासारखं.

खरा फरक पडला तो यंत्र वाटेतूनच बोलू लागल्यावर. आजच्या छोट्या डब्या तापमान, आर्द्रता, धक्के, दार उघडलं की आत आलेला उजेड आणि गाडी कुठे आहे हे मोबाइलच्या जाळ्यावरून कळवतात. मर्स्क या जहाज कंपनीने आपल्या शीत कंटेनरांची अशी माहिती २०१७ मध्ये ग्राहकांना खुली केली. बिघाड वाटेतच कळला तर गाडी वळवता येते, माल जवळच्या बाजारात विकता येतो. नासाडी वाचते ती इथे.

एक गैरसमज मात्र कोकणात हमखास आढळतो : जितकं थंड तितकं चांगलं. म्हावऱ्याला ते लागू आहे, त्याला बर्फात शून्याच्या आसपासच ठेवावं. हापूसला नाही. साधारण १२-१३ अंशांखाली तो फार काळ राहिला की थंडी बाधते, साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. म्हणून आंब्याच्या गाडीत गारठ्याचा इशारा उष्म्याच्या इशाऱ्याइतकाच महत्त्वाचा. सुरमई आणि हापूस एकाच थंडाव्यात नेणाऱ्याने दोहोंपैकी एकावर पाणी सोडावं.

नोंदी ठेवायची सवय मात्र आपल्याला परदेशी गिऱ्हाइकाने लावली. १९९७ मध्ये युरोपने भारतीय मासळी अडवली आणि निर्यातीच्या कारखान्यांत स्वच्छतेचे, तापमानाचे कागद गंभीरपणे भरले जाऊ लागले. २००७ मध्ये अमेरिकेचं दार आंब्याला पुन्हा उघडलं ते विकिरणाच्या, म्हणजे कीड रोखायला फळावर किरण सोडण्याच्या, अटीवर, आणि त्यासाठी लासलगावचं विकिरण केंद्र कामी आलं. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने आंबा बंद केला, २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठवली. आंब्यावरच्या या अटी किडीसाठी होत्या, उष्म्यासाठी नव्हेत. पण त्यातूनच बागांची नोंदणी करणारी ‘मँगोनेट’सारखी पद्धत रुजली, आणि फळ कुणाच्या बागेतलं हे ठरल्याशिवाय तापमानाचा आलेख कुणाच्या नावावर मांडणार?

माल कुठून आला हे माहीत असण्याचं मोल वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या २०१६ च्या चाचणीत दिसलं, आणि चाचणीचं फळही आंबाच होतं. कापलेल्या आंब्याच्या एका पाकिटाचा माग काढायला त्यांच्या माणसांना ६ दिवस १८ तास २६ मिनिटं लागली. ब्लॉकचेनच्या, म्हणजे सगळ्यांत वाटलेल्या आणि मागून खोडता न येणाऱ्या संगणकी, नोंदवहीने तोच माग २.२ सेकंदांत लागला. आपल्याकडे २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पेट्यांवर आणि फळांवर कोड आले. त्यांचा रोख अजून तरी कर्नाटकच्या आंब्याला देवगड म्हणून विकणाऱ्यांवर आहे, नासाडीवर नाही.

आणि साका? तो या कुठल्याच डबीला दिसत नाही. बाहेरून सोन्यासारखं फळ, आत पांढरट, आंबट, भुसभुशीत गर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही साका नसलेली जात दिली, पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा. फळ न कापता आतला साका ओळखण्यासाठी क्ष-किरण आणि अवरक्त प्रकाशाचे प्रयोग झाले आहेत. बागायतदाराच्या अंगणात ते यंत्र अजून नाही.

मुद्दा राहतो आलेख कोणाच्या हातात पडतो याचा. परदेशी जाणाऱ्या कंटेनरात डबी ठेवतो निर्यातदार, वाचतो खरेदीदार. आणि वाशीला जाणारा बराचसा माल आजही साध्या ट्रक-टेम्पोतून, ताडपत्रीखाली जातो. गाडी संध्याकाळी भरायची, रात्रीच्या गारव्यात घाट उतरायचे, सकाळच्या बाजाराला पोचायचं. तिथे तापमान सांभाळते ती रात्र, आणि तिची नोंद अजून पट्टीतच होते.