एकरंगी भौमितिक पॅटर्न

एकच रंग घेऊन चौकोन, त्रिकोण, वर्तुळ, रेघा असे साधे आकार पुन्हा पुन्हा मांडून केलेली नक्षी. बहुतेक वेळा काळा-पांढराच असतो, पण तसा नियम नाही, नुसता निळा आणि त्याच्या फिकट छटा घेतल्या तरी तो एकरंगीच.

रंग नाहीत म्हटल्यावर सगळा भार रेघेच्या जाडीवर आणि मोकळ्या जागेवर येतो, आणि नवीन पोरं इथंच फसतात, काळं काढत बसतात पण डोळा पांढरंही तेवढंच वाचत असतो. दोन्ही निम्मं-निम्मं आणि बारीक झालं की पॅटर्न हलतोय असं वाटतं. ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीनं 1961 पासून हीच गंमत चित्रांत वापरली, अशा डोळ्याला चकवणाऱ्या चित्रांना पुढं ऑप आर्ट म्हणायला लागले. भिंतीवर भारी दिसतं, पण त्यावर मजकूर टाकला तर वाचणाऱ्याचं डोकं उठतं, म्हणून मजकुरामागे छटा फिकीच ठेवायची.

कमी सामानात जास्त काम करणारी युक्ती म्हणजे ट्रुशे टाईल. चौकोन तिरका कापायचा, अर्धा काळा अर्धा पांढरा, बास. तो चार दिशांना फिरतो, म्हणजे नुसते दोन शेजारी ठेवले तरी 16 मांडण्या होतात! फ्रान्सच्या सेबास्तियन ट्रुशेनं 1704 साली हे मांडून ठेवलंय.

नाशिककरांना हे शिकायला लांब जायची गरज नाही. पांडवलेण्यात 3 नंबरच्या लेण्यावरची कठड्याची नक्षी बघा, दगड एकच, उभ्या-आडव्या पट्ट्या आणि काम करते ती सावली. पेठ-सुरगाण्याकडं वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस तयार. आणि नाशिकरोडच्या प्रेसमध्ये (नोटांची प्रेस 1928 ची) छापलेली नोट हातात घ्या, त्यावरच्या गुंतलेल्या बारीक रेघा भौमितिकच आहेत, फक्त तिथं त्या नक्कल अवघड करायला असतात.

छपाईला सिंगल कलर स्वस्त, एकच प्लेट (छपाईचा साचा, दर रंगाला वेगळा). पण फाईलमध्ये काळा चार रंग मिसळून केलेला नको, प्लेट केसभर हलली की बारीक रेघेला रंगीत कडा येते. व्हिजिटिंग कार्डासाठी जाळी करत असाल तर आधी खऱ्या मापात प्रिंट काढा, हातभर अंतरावरून नुसता राखाडी डाग दिसला तर रेघा कमी करून जाड करा.