कोकण किनाऱ्यावरील वनस्पतिप्लवक

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या उथळ समुद्रात व खाड्यांत तरंगणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म शैवाल. तारली, कालवे, तिसऱ्या यांचे थेट खाद्य. बहुतेकांचा आकार 2 ते 200 मायक्रोमीटर. त्याहून लहानांना पिकोप्लवक म्हणतात.

प्लवक गोळा करण्याच्या बारीक जाळीत मुख्यतः डायाटम सापडतात : स्केलेटोनेमा, कीटोसेरॉस, थॅलॅसिओसिरा, कॉसिनोडिस्कस. त्यांच्या पेशींना सिलिकेचे कवच असते. त्याखालोखाल दोन कशाभिकांनी (चाबकासारख्या धाग्यांनी) पोहणारे डायनोफ्लॅजेलेट.

येथे ऋतू ठरवतो तो पाऊस. आगोट लागली की नद्या गाळ व पोषक क्षार आणतात. खाडीच्या तोंडाशी खाद्य भरपूर, पण गढूळपणामुळे प्रकाश पोचत नाही. कमी क्षारता (खारटपणा) सोसणारा स्केलेटोनेमा अशा पाण्यातही तग धरतो. पाऊस ओसरून पाणी निवळते आणि क्षार अजून शिल्लक असतात, तेव्हा डायाटम झपाट्याने वाढतात. मार्च ते मेमध्ये तापलेला वरचा थर खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, वर नायट्रेट (नायट्रोजनचा पोषक क्षार) संपते. मग नायट्रोजन स्थिर करणारे ट्रायकोडेस्मियम हे नील-हरित शैवाल फोफावते. वारा पडला की त्याचे भुशासारखे तपकिरी पट्टे दिसतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात काही वर्षी रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या नॉक्टिल्युकामुळे. डायनोफ्लॅजेलेट असूनही ते स्वतः अन्न तयार करत नाही, डायाटम गिळते. ते दाट झाले व मेले की अमोनिया सुटतो, प्राणवायू घटतो आणि मासे दूर जातात किंवा मरतात.

केवळ 20 मायक्रोमीटर छिद्रांच्या जाळीवर विसंबून केलेली यादी अपुरीच असते. लहान पेशी निसटतात. मोजणीसाठी बाटलीने किमान 500 मिलिलिटर पाणी घ्यावे, नमुना टिकावा म्हणून लगेच ल्युगॉल (आयोडीनचे) द्रावण फिकट तपकिरी रंग येईपर्यंत थेंबथेंब घालावे आणि अंधारात ठेवावे. उन्हात आयोडीन उडून नमुना कुजतो. फॉर्मॅलिनने नाजूक कशाभिकी पेशी फुटतात. उलट, आम्लयुक्त ल्युगॉल चुनखडीचे कवच विरघळवते. कॉकोलिथधारी (चुनखडीच्या चकत्यांचे कवच असलेल्या) जाती हव्या असतील तर ते टाळावे. क्लोरोफिल मोजण्यासाठी नमुना वेगळा, कोणतेही रसायन न घालता गाळावा.

भरती-ओहोटीची वेळ आणि क्षारता प्रत्येक नमुन्यासोबत लिहावी. त्याच जागी ओहोटीला खाडीचे पाणी येते, भरतीला समुद्राचे. नोंद नसेल तर दोन महिन्यांतला फरक ऋतूचा की भरतीचा, हे नंतर सांगता येत नाही.