बाटलीत वाढणारी स्टेव्हियाची रोपं

आपल्या सांगलीकडं गोड म्हटलं की ऊसच, पण पॅराग्वेत एक झुडूप आहे ज्याचं नुसतं पान चघळलं तरी तोंड गोड होतं, आणि तिथले ग्वारानी लोक पिढ्यानपिढ्या ते पान माते नावाच्या पेयात घालत आलेत. हे स्टेव्हिया, वनस्पतीशास्त्रज्ञ बर्तोनी यांनी १८९९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. यातली गोडी साखरेची नाही, स्टेव्हिओल ग्लायकोसाईड नावाच्या पानातल्या गोड द्रव्यांची आहे, शुद्ध केली तर साखरेच्या २०० ते ३०० पट.

आता बी टाकून लावायला गेलं तर उगवण कमी, वर स्वतःच्याच परागानं बी नीट धरत नाही म्हणजे संकर होणारच, मग एक रोप गोड निघतं आणि शेजारचं फिकं. म्हणून टिश्यू कल्चर, म्हणजे एका चांगल्या झाडाच्या छोट्या तुकड्यांपासून लॅबमध्ये बाटलीत त्याच्यासारखीच रोपं तयार करणं.

उसाची एक डोळ्याची कांडी लावणाऱ्याला हे लगेच कळेल, इथंही एक डोळा असलेला खोडाचा छोटा तुकडाच घेतात, निर्जंतुक करतात आणि अगरच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जेलीत बसवतात. या जेलीत क्षार, व्हिटॅमिन आणि चक्क साखर, लिटरला साधारण ३० ग्रॅम! कारण बंद बाटलीतलं कोवळं रोप स्वतःपुरतं अन्न तयार करू शकत नाही. पण साखर म्हणजे बुरशीलाही जेवणच, त्यामुळं जेली १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करायची, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायची, आणि सगळं काम लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटात. सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक घातलं की फुटवे येतात, ते वेगळे करून परत लावायचे, पुरेसे झाले की ऑक्झिन हे दुसरं संप्रेरक देऊन मुळ्या आणायच्या.

खरी कसोटी बाटलीबाहेर. आतली हवा इतकी दमट असते की पानांवर मेणाचा थर पातळच राहतो, पर्णरंध्रं वेळेवर मिटत नाहीत, असं रोप थेट आपल्या उन्हात ठेवलं तर काही तासात माना टाकतं. म्हणून मुळांची जेली धुवून कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावायचं, प्लॅस्टिक झाकायचं आणि दमटपणा हळूहळू, काही आठवडे घेऊन कमी करायचा, इथं घाई करू नका.

शेतात दोन गोष्टी. कृष्णाकाठच्या पाणी धरणाऱ्या रानात मुळं कुजतात, तेव्हा निचरा पाहिजेच. आणि स्टेव्हिया दिवस लहान झाले की फुलतं, आपल्याकडं तर सगळ्यात मोठा दिवसच १३ तासांच्या आसपास, म्हणजे कळ्या लवकर येणार आणि फुलं आली की पानातली गोडी उतरते, त्यामुळं कापणी कळी दिसायच्या आधी. रोपं घेताना मातृझाडाच्या पानांचा ग्लायकोसाईडचा रिपोर्ट मागा, झाड फिकं असेल तर लॅब हजारो रोपं फिकीच देणार.