गिलाव्यामागची वीट

२०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा मैदानाच्या पूर्वेला दगड होता आणि पश्चिमेला काँक्रीट. एकीकडे उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, दुसरीकडे १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको. या दोन्हींच्या मधल्या काळात मुंबईकरांनी ज्या विटांच्या भिंतींत संसार केले, ती वीट यादीत कुठे दिसत नाही. दोष युनेस्कोचा नाही. मुंबईची वीट मुळात दिसतच नाही, ती गिलाव्याखाली असते.

या घरांची सुरुवात शोधायची तर १७ फेब्रुवारी १८०३च्या आगीपाशी जावं लागतं. कोटाच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या मुंबईच्या आतली दाट, लाकूडभरली वस्ती तेव्हा मोठ्या प्रमाणावर जळाली आणि माणसं तटाबाहेर, बाहेरकोटात सरकली. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी भरत गेले, गिरगावातल्या नारळीच्या वाड्यांत घरं उठली. पुढे १८६०च्या दशकात कापसाचा पैसा आला, कोटाची तटबंदीही पाडली गेली, आणि एकमजली घरांवर मजले चढू लागले. १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने गल्ल्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले, गावदेवी आणि दादर-माटुंग्याला प्लॉट पाडले. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याच्या (बीडीडी) चाळी काँक्रीटमध्ये झाल्या आणि भार उचलण्याचं विटेचं काम हळूहळू संपलं. उरलं ते नुसतं आडोसा धरणं.

भार उचलणारी भिंत कशी असते ते खालून वर जाताना कळतं. तळमजल्यावर अठरा इंची, मधे चौदा, सर्वात वर नऊ. खिडकीच्या कट्ट्यावर तळमजल्याला लहान मूल मांडी घालून बसू शकतं, वरच्या मजल्यावर फार तर तुळशीची कुंडी मावते. कित्येक घरांत भार सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा घेतो आणि वीट फक्त गाळे भरते. दोन्ही प्रकारांत विटांमध्ये असतो चुना, बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर मळलेला. आमच्या गिरगावातल्या खोलीत एसीसाठी भोक पाडलं, तेव्हा ड्रिलला विरोध झालाच नाही. आधी सिमेंटचा राखाडी भुगा आला, मग पांढरा, मग तांबडा. एका भोकात तीन काळ, आणि कारागीर म्हणाला, "साहेब, भिंत पोकळ आहे." पोकळ नव्हती. मऊ होती, आणि मऊ असणं हेच तिचं काम.

चुना पाऊस पितो आणि ऊन पडलं की सोडतो. इमारत जरा खचली तर विटांमधल्या दरजा थोडं सोसून घेतात. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा मारला की आत शिरलेलं पाणी आतच राहतं, क्षार घेऊन खोलीच्या बाजूला येतं आणि भिंतीला लोणा लागतो. मग लोणा खरवडून पुन्हा सिमेंट. त्याहून वाईट जागा मोरीखालची. तिथे तुळईचं टोक भिंतीत रोवलेलं असतं, वर वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आणि बाहेरून धडधाकट दिसणारं सागवान टोकाशी भुसा होतं. घर पडतं ते बहुतेक वेळा विटेमुळे नाही, या टोकांमुळे आणि झिरपणाऱ्या पाण्यामुळे.

ते पाणी वेळीच का थांबलं नाही, याचं उत्तर कायद्यात आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली. फाळणीनंतर दाटलेल्या शहरात भाडेकरूला त्याचा आधार होता, यात वाद नाही. पण भाड्यात चुन्याची पाटीही येईना, तेव्हा मालकाने हात झटकले आणि पगडीचा, म्हणजे खोली देताना एकरकमी पैसे घेण्याचा व्यवहार फोफावला. मग १९६९च्या कायद्याने सेस, म्हणजे उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ आणलं. त्याच्या कक्षेत सुरुवातीला १९,६४२ इमारती होत्या, त्यातल्या बहुतेक सप्टेंबर १९४०च्या आधीच्या. सरकारी भाषेत त्या 'उपकरप्राप्त'. पहिल्यांदा वाचणाऱ्याला 'उपकारप्राप्त' वाटतं, आणि तेही फार चुकीचं नाही. गंमत अशी की ज्या गोठलेल्या भाड्याने ही घरं कुजवली, त्यानेच ती इतकी वर्षं पाडूही दिली नाहीत.

वारसा म्हणून मोजदाद १९९५च्या नियमावलीने सुरू केली. देशातली अशी ही पहिली. श्रेणी १, २ अ, २ ब आणि ३. माणसाचं नाव लागलेल्या घराचं मोल पटवावं लागत नाही: गावदेवीचं मणिभवन दुमजली राहतं घरच, पण १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. १९३२च्या जानेवारीत पहाटे त्यांना अटक झाली तीही तिथल्याच गच्चीवरून. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीला १८९३चा सार्वजनिक गणपती आहे. पण जिथे कुणी मोठं राहिलं नाही, जिथे चार पिढ्या फक्त पापड वाळत घातले आणि मुलांच्या मुंजी केल्या, त्या चाळीचं मोल काय? श्रेणी ३ मध्ये रस्त्याच्या एकंदर रूपाला महत्त्व आहे, म्हणजे एकटं घर नव्हे, ओळ. माझ्या मते गिरगावचा खरा वारसा हाच, आणि ओळीतलं एक घर गेलं की शेजारच्याचं मोलही घटतं.

रहिवाशांना मात्र वारसा यादीत जायचं नसतं. २०१२ मध्ये नवी प्रस्तावित यादी आली तेव्हा शिवाजी पार्ककरांनी कडाडून विरोध केला. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पावसाळ्याआधी टेकू लावलेल्या जिन्यावरून रोज उतरणाऱ्याला कठड्याची नक्षी दाखवायला मी तरी जाणार नाही.

घर पाडायला घेतलं की पाडणारा ठेकेदार आधी सागवान मोजतो, मग ओतीव लोखंडी जाळ्या. वीट शेवटी. चुन्यातली वीट कन्नीच्या एका टोल्याने अख्खी सुटते, झटकली की पुन्हा लावता येते. सिमेंटमधली तशी सुटत नाही, फुटते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या समोरच्या घराच्या विटा अशाच अख्ख्या निघत होत्या. मुकादमाने दोन-चार पाणी तापवायच्या चुलीला ठेवल्या, बाकी राबिट, म्हणजे मलबा म्हणून डंपरमध्ये.