शरण गेलं की तोंड बंद?

गुरुपौर्णिमा जवळ आली की रत्नागिरी-देवगडाकडच्या भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘गुरूला प्रश्न विचारला की शरणागती संपली.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. ऐकून ऐकून लोकांना ते शास्त्रवचनच वाटतं. तसं ते नाही.

गीताच उघडा. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात अर्जुन म्हणतो, ‘शिष्यस्तेऽहं शाधि मां त्वां प्रपन्नम्’. म्हणजे शरण जाऊन झालं. मग गप्प बसला का? तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तक्रार, की तुझ्या उलटसुलट बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते आहे! अठरावा अध्यायही त्याच्याच प्रश्नाने सुरू होतो. कृष्ण रागावत नाही, चौथ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात तर नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध तो ‘परिप्रश्न’, म्हणजे खोदून विचारणं, ठेवतो. (फिरत्या मजकुरात नेमका हा मधलाच गळतो.) आणि अठराव्यातल्याच ‘मामेकं शरणं व्रज’ (मला एकट्याला शरण ये) या वचनाच्या तीनच श्लोक आधी? सगळ्याचा नीट विचार कर, मग ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसं कर. खोड काढायला विचारणं वेगळं, हे मान्य.

समर्थ तर फटकळच. दासबोधाच्या पाचव्या दशकात ते बजावतात: शिष्याला साधनेला न लावणारे गुरू ‘आडक्याचे तीन’, म्हणजे कवडीमोलाने, मिळाले तरी टाकावेत. पण पारखल्याशिवाय टाकणार कसे?

आपल्या पावसच्या स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरी सोप्या अभंगांत आणली. भक्ताने काही समजून घ्यायचंच नसतं, तर एवढा खटाटोप कशाला केला असता?