वेब ॲपचा वेग कुठे उभं राहून मोजायचा?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. देवगडजवळच्या एका सड्यावर बागायतदार पॅकिंग शेडच्या दारात उभे होते. पेट्या पेंढा घालून भरून झालेल्या, मोबाइलला रेंजची एकच काडी. त्यांनी पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या वेब ॲपवर 'नोंद करा' दाबलं. स्क्रीनवर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. संध्याकाळी हिशेबात 40 पेट्यांच्या 80 झाल्या होत्या. हंगामाआधी आम्ही वेग मोजला होता, आकडाही छान आला होता. पण मोजला होता रत्नागिरीत, ऑफिसच्या वायफायवर, नव्या लॅपटॉपवर. यंदाच्या मोजणीचं नियोजन करण्याआधी या मोजण्याचा इतिहास सांगायचा आहे तो त्यामुळेच.

माणूस किती वेळ थांबतो, याचा विचार वेबच्या फार आधी झाला. 1968 मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी संगणकाच्या प्रतिसादाला किती वेळ लागलेला माणसाला चालतो, यावर निबंध लिहिला. 1993 मध्ये वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी त्याच धर्तीवर तीन मर्यादा मांडल्या: 0.1 सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचारांची लय टिकते, 10 सेकंदांनंतर लक्ष उडतं. फोन बदलले, नेटवर्क बदललं, हे आकडे आजही वापरात आहेत. शेडच्या दारात बटण दुसऱ्यांदा का दाबलं गेलं, याचं कारण पहिल्या मर्यादेतच सापडतं.

तरी बरीच वर्षं मोजणी सर्व्हरभोवतीच फिरत राहिली. एका वेळी किती विनंत्या झेपतात हे बघायचं, आणि कमी पडलं की मोठं मशीन घ्यायचं. 2007 च्या सुमारास याहूच्या स्टीव्ह साउडर्स यांनी दाखवून दिलं की वापरणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या वेळेपैकी 80 ते 90 टक्के वेळ सर्व्हरने एचटीएमएल (पानाचा मूळ सांगाडा) दिल्यानंतर, म्हणजे चित्रं, स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या फायली आणण्यात जातो. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोठं वळण हेच. आमच्या पहिल्या पानावर आंब्याच्या कलमाचा 4 एमबीचा फोटो होता. 1 एमबीपीएसच्या जोडणीवर तो एकटाच 32 सेकंद घेतो. तोच 150 केबीचा केला तर सव्वा सेकंद. सर्व्हर कितीही दमदार घेतला असता तरी हे सुटलं नसतं.

2012 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं नेव्हिगेशन टायमिंग मानक पक्कं झालं आणि खऱ्या वापरणाऱ्याच्या ब्राउझरमधूनच वेळा गोळा करणं सोपं झालं. त्याबरोबर सरासरीची फसवणूकही उघडी पडली. पेटीतल्या आंब्यांचं सरासरी वजन 250 ग्रॅम भरलं म्हणून चार बारके आंबे मोठे होत नाहीत, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. 2020 मध्ये गुगलने कोअर वेब व्हायटल्स हे पानाचा अनुभव मोजायचे निकष जाहीर केले तेही सरासरीवर नाहीत. 100 पैकी 75 भेटींमध्ये पानावरचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, असा तो हिशेब आहे. मार्च 2024 पासून त्यात आयएनपी आलं: दाबल्यापासून स्क्रीनचं पुढचं चित्र उमटेपर्यंतचा वेळ, 200 मिलिसेकंदांच्या आत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आमचा घोळ आयएनपीमध्येही दिसला नसता, कारण सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ ते धरत नाही. म्हणून 'नोंद करा' दाबल्यापासून 'नोंद झाली' दिसेपर्यंतचा वेळ यंदा आम्ही यूझर टायमिंगच्या (ब्राउझरमध्ये आपल्याला हव्या त्या क्षणाची वेळ टिपण्याच्या सोयीच्या) खुणा लावून वेगळा मोजतोय. दाबल्याबरोबर बटण बंद होऊन 'पाठवतोय' असं दिसेल. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असेल, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हर एकदाच धरील.

बाकी कशालाही पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही, फक्त आकडे जमवायचे. पहिली मोजणी त्याच शेडच्या दारातून, त्यांच्याच फोनवर, सकाळी पेट्या भरून होतात त्या वेळेला.